बाईंनी लिहून दिलेला बाप

"नवा फ्रॉक काढ," बाई म्हणाल्या. "तो जुना घाल. बाहीला फाटलाय ना, तोच."

मी दहा वर्षांची होते. चर्चच्या मागच्या खोलीत उभी होते, जिथे सतरंज्या आणि झाडू ठेवतात. बाहेर कापणीच्या सणाची उपासना सुरू झाली होती. वेदीला ज्वारीची ताटं बांधली होती, संत्र्यांच्या टोपल्या मांडल्या होत्या, पेटीवर गाणं चाललं होतं. माझ्या अंगात पिवळा फ्रॉक होता. मायने तो हातानं शिवला होता, सणासाठी. बाईंनी स्वतः माझ्या पाठीवरची बटणं सोडली. मग माझ्या डोक्याला हात लावला आणि तो हात रुमालाला पुसला.

"तेल कशाला चोपडलंय? पूस ते. आज नको."

मी पुसलं. फाटका फ्रॉक घातला. बाईंनी मला एकदा दूर उभं करून पाहिलं, आणि त्यांना बरं वाटलं. मग म्हणाल्या, "पाठ आहे ना? घाबरू नकोस. देवासाठी करतेस."

बाई म्हणजे आमच्या वसतिगृहाच्या मुख्य. त्यांच्या पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, ते ब्राह्मण होते, आणि ही गोष्ट चर्चच्या मंडळीत अजूनही कालच घडल्यासारखी सांगतात. अशी चार-पाच जुनी घरं. शाळा, वसतिगृह, पंचमंडळ, सगळं त्यांच्याकडे. धर्म बदलला, आडनाव नाही बदललं आणि नाकही नाही. माझ्या आज्यानेही बाप्तिस्मा घेतला. तो मांगवाड्यातला. देवळाच्या पायरीवरून हाकलला म्हणून इकडे आला. इकडे पायरी चढू दिली. आत कुठे बसायचं ते मात्र ठरलेलं होतं. बाकं संपली की मागे दरी, म्हणजे जमिनीवर अंथरलेली सतरंजी, आणि दरीवर आम्ही. कोणी बसा म्हणत नव्हतं. बाक रिकामा असला तरी आमची माणसं दरीवरच टेकायची.

गावाचं नाव मी लिहीत नाही. अकोला आणि अमरावतीच्या मधलं एक गाव आहे. नाव लिहिलं तर बाकीची गावं म्हणतील, हं, ती त्यांच्याकडची भानगड.

तर मला वर उभं केलं. पुढच्या बाकावर पाहुणे होते, दोन गोरे आणि तीन नागपूरचे. मी बोलले. पंधरा दिवस घोकलं होतं. बाईंच्या हातचा कागद, मोत्यासारखं अक्षर. "मी मांगवाड्यातली मुलगी आहे. आमच्या घरात अंधार होता. माझा बाप रोज दारू प्यायचा. माझ्या आईला मारायचा. आम्ही उष्ट्यावर जगत होतो." इथे कागदावर कंसात लिहिलं होतं, थांबायचं, खाली बघायचं. मी थांबले. खाली बघितलं. एका गोऱ्या बाईने डोळ्याला रुमाल लावला. मग मी पुढचं बोलले, की प्रभूने माझ्या बापाला दारूतून सोडवलं आणि मला इथे आणलं.

माझ्या बापाने आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं.

तो बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचा. अकोला, अचलपूर, पातूर, जिथे लग्न असेल तिथे. वरातीत बँडवाल्यांना पाजायची रीतच असते. बाकीचे प्यायचे. हा नाही. म्हणायचा, फुंकायचं काम हाय, छाती सांभाळा लागते. मायवर त्याने हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. उलट मायच त्याला फडाफडा बोलायची आणि तो हसायचा.

त्या दिवशी तो दरीवर बसला होता. धुतलेला पांढरा शर्ट, वरचं बटण लावलेलं. लेक वर बोलणार म्हणून लवकर येऊन पुढची जागा धरली होती, दरीवरची पुढची. त्याने सगळं ऐकलं. उपासना संपल्यावर नागपूरचा एक पाहुणा त्याच्याकडे गेला, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सोडलीत, फार चांगलं केलंत. आता परत त्या वाटेला जाऊ नका." माझ्या बापाने हात जोडले.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत आम्हाला घरी जायची सुट्टी होती. वाटेत मी म्हटलं, "बाबा, तुमी तं पेत नाही."

"नाही पेत."

"मंग?"

"मंग काय? तुले ठेवलं हाय त्यायनं. शिकून राहिली तू. एका कागदानं मले काय होते?"

काय होते ते नंतर कळत गेलं. माझा बाप त्या दिवसापासून मंडळीत सुटलेला दारूडा झाला. गावात नाही, गावाला खरं माहीत होतं. फक्त देवाच्या घरात. प्रवचनात दारूचा विषय निघाला की पाळक त्याच्याकडे हात करायचे. लग्नाच्या सीझनला तो दमून यायचा, डोळे लाल असायचे, तर बाकावरच्या बायका एकमेकींकडे बघायच्या. एकदा प्रभुभोजनाला पेले वाटायला माणूस कमी होता. माझा बाप उठला, मी वाटतो म्हणाला. पंचांपैकी एकाने त्याला हळूच बाजूला घेतलं. "तुम्ही नको. पेल्यांतल्या द्राक्षरसाचा वास येतो. जुनी सवय आहे, मोह नको व्हायला." तो दरीवर येऊन बसला. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, माझ्या डोळ्यांदेखत झालं. मी काय केलं? पुढचं गाणं काढलं आणि गायले.

तो मेला तेव्हा कबरेपाशी त्या वेळचे पाळक म्हणाले, "हा आपला बंधू एकेकाळी मद्याचा गुलाम होता." मायने माझ्याकडे पाहिलं. सगळ्या गर्दीतून, फक्त माझ्याकडे. मी मान खाली घातली. कुठे थांबायचं आणि कुठे खाली बघायचं हे मला लहानपणीच शिकवलेलं होतं.

आता जे लिहिते ते लिहायला हात उचलत नाही. पण दुसऱ्याची लाज काढायला निघाले आहे, तर आधी माझी.

मी शिकले, आणि त्याच वसतिगृहात मेट्रन म्हणून लागले. चाळीस मुली. राहायला दोन खोल्या. माझा नवरा अकोल्याला एसटीच्या वर्कशॉपात आहे, तो सुट्टीला येतो. दरवर्षी सणाच्या महिनाभर आधी बाई एक मुलगी निवडायच्या. वस्तीतली पाहिजे, रंगाने काळी पाहिजे, आवाज स्वच्छ पाहिजे. कागद माझ्या हातात द्यायच्या. पाठ करून घ्यायचं काम माझं. तेविसाव्या वर्षापासून नऊ वर्षं मी ते केलं, पुढे पाहुणे यायचे थांबले तोवर. नऊ मुली. नव्या फ्रॉकची बटणं मी सोडली. तेल मी पुसलं. एक पोरगी रिद्धपूरकडच्या एका खेड्यातली होती, ती म्हणाली, "मॅडम, माही माय तं अशी नाही." मी तिला काय सांगितलं? "बोला लागते बाई." माझ्या बापाचेच शब्द, त्याच सुरात.

तेव्हा मला काही टोचलं नाही असं नाही. टोचलं. पण पोट भरलेलं होतं आणि लेकी दुसऱ्यांच्या होत्या.

मग माझी लेक अकरा वर्षांची झाली. एस्तेर तिचं नाव.

बाईंनी मला व्हरांड्यात बोलावलं. त्या आता सत्तरीच्या आहेत, गुडघे गेलेत, जीभ शाबूत आहे. त्या वेताच्या खुर्चीत, मी उभी. शेजारी दुसरी खुर्ची रिकामी होती. ती आजवर माझ्यासाठी कधी नव्हती. बाईंनी कागद पुढे केला.

"पाहुणे यंदा पुन्हा यायचेत. यंदा एस्तेर. तुझीच जुनी साक्ष आहे बघ, मी जपून ठेवली होती. पाहुण्यांना किती आवडली होती! थोडी बदललीये. बापाच्या जागी आजोबा केलंय. आणि यंदा व्हिडिओ काढणार आहेत, तेव्हा जरा मनापासून बोलू दे तिला."

आणि मी तो कागद घेतला. खरं सांगते, घेतला. "हो बाई" म्हटलं आणि घरी आले. इतकी वर्षं झालेली सवय, हात आपोआप पुढे होतो.

एस्तेरने तो मोठ्याने वाचला. दुसऱ्या ओळीला थांबली. माझा बाप गेला तेव्हा ती सहा वर्षांची होती. त्याच्या मांडीवर बसून क्लॅरिनेटमध्ये फुंकायची, आवाज निघायचा नाही, दोघं हसायचे. तिने विचारलं, "आई, आबाजी दारू प्यायचे?"

मी तिच्या हातातला कागद घ्यायला गेले, तिने तो मागे ओढला.

"आजी तं म्हणते कधीच नाही. मग कोण खोटं बोलून राहिलं?"

"मी," मी म्हटलं. "मी दहा वर्षांची असल्यापासून."

तिला ते कळलं नाही. मला मात्र तेव्हा कळलं. अडतीस वर्षं वय, आणि अकरा वर्षांच्या पोरीने सरळ विचारलं तेव्हा डोळे उघडले. तोवर मी समजत होते की मी गरीब आहे म्हणून गप्प आहे. तसं नव्हतं. मी त्यांच्या कामाची होते म्हणून त्यांनी मला ठेवलं होतं, आणि मला ते माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्हरांड्यात गेले. "बाई, एस्तेर बोलणार नाही."

"का?"

"खोटं आहे ते."

बाई हसल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "अगं, एवढ्या-तेवढ्यावर काय अडून बसतेस? त्यातून देवाचं काम चालतं. चाळीस मुली जेवतात. आणि तुमच्या वस्तीत पीत नाही असा आहे का कोणी?"

मी म्हटलं, "माझा बाप होता."

मग हसू गेलं. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाल्या, "कृतज्ञता नावाची एक गोष्ट असते. नोकरी, खोल्या, लेकीचं शिक्षण. मी काही बोलत नाही. तू प्रार्थना कर. इथे राहायचं की जायचं, ते देवालाच विचार."

हे आमच्याकडचं एक हत्यार आहे. बाहेरच्यांना ते कळणार नाही. मालक सरळ सांगतो, ऐक नाहीतर नीघ. आमच्याकडे म्हणतात, प्रार्थना कर, देवाची इच्छा ओळख. निकाल ते देतात, सही देवाची घेतात.

तरी मी विचारलं देवाला. खरोखर विचारलं. माझा विश्वास बाईंनी दिलेला नाही, तो माझ्या आज्याने मार खाऊन मिळवलेला आहे. तीन दिवस उपास केला. देव काही बोलला नाही, पोट मात्र पुष्कळ बोललं.

पाळकांकडे गेले. हे नवीन आहेत, नगरकडचे. तरुण, सज्जन, आणि भित्रे. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा दिला. म्हणाले, "ताई, रागाच्या भरात घेतलेला निर्णय देवाचा नसतो. मन शांत होईपर्यंत थांबा. हागारेचं बघा ना. दासी होती, मालकिणीचा छळ सोसेना म्हणून रानात पळाली. देवदूताने काय सांगितलं? परत जा, तिच्या हाताखाली राहा."

मी म्हटलं, "पाळकसाहेब, ते पहिल्या वेळचं झालं. पुढे तिला पोरासकट घराबाहेर काढलं. तेव्हा देव रानात तिच्याकडे आला, विहीर दाखवली. तेव्हा नाही म्हणाला परत जा. ती परत गेली नाही."

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "तुम्ही बरंच वाचता," म्हणाले.

"दरीवर बसून दुसरं काय करणार?"

बिचारे लाल झाले. त्यांचीही खोली बाईंच्याच आवारात आहे.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं सरळ होतं. रविवारी आला, सगळं ऐकलं, तंबाखू मळत म्हणाला, "चाल अकोल्याले. खोली हाय आपली. तिथं बी चर्च हाय. काहून जीव जाळून राहिली?" माझा भाऊ तर त्याच्याही पुढचा. तो म्हणाला, "ह्या देवाचा नादच सोड. देवळात गेलो तं मांग, चर्चात आलो तं मांग. फक्त सरकारच्या कागदावर आपण मांग नाही, म्हणून सवलत बी गेली. मंग मिळालं काय आपल्याले?" त्याचं खोटं नाही. आमच्यापैकी कित्येकांनी दाखल्यापायी देव दडवून ठेवलाय, रविवारी चर्च आणि फॉर्मवर हिंदू. मी त्यांना हसत नाही. पोटाला धर्म विचारत नाही कोणी.

जावं असं मलाही वाटलं. पेटीत कपडे भरायलाही घेतले. पण प्रत्येक वेळी एकच चित्र डोळ्यांपुढे यायचं. मी बसमध्ये बसते, बस सुटते, आणि बाई व्हरांड्यात कोणाला तरी सांगतात, गेली बिचारी, घरचे संस्कार, बाप दारूडा होता ना. मी गेले की ते खोटं कायमचं खरं होणार होतं. माझ्या बापाची कबर त्यांच्या आवारात आहे. मी बसने जाईन, तो कशाने जाईल?

राहायचं तर मग कसं? हो बाई म्हणत? तेही नाही. मला शांत व्हायचं नव्हतं. पाळक म्हणाले रागातला निर्णय देवाचा नसतो. असेल. पण अठ्ठावीस वर्षांत माझी शांती कोणाच्या कामी आली ते मी पाहिलं होतं. मला बदला हवा होता. तो शब्द आमच्या तोंडी शोभत नाही म्हणतात. मी तरी लिहिते, बदला. चारचौघांत बुडवलेलं नाव चारचौघांत वर काढायचं, आणि बुडवणाऱ्याचं तोंड तेव्हा मला बघायचं होतं.

मी बाईंना निरोप पाठवला, साक्ष होईल. एवढाच. कोणाची ते सांगितलं नाही. हे माझं खोटं, आणि त्याचा मला पश्चात्ताप नाही.

सणाच्या दिवशी एस्तेरला मी नवा ड्रेस घातला. तेल लावून दोन घट्ट वेण्या घातल्या. नवऱ्याला म्हटलं, हिला घेऊन बाकावर बस. तो दचकला. "बाकावर?" "बाकावर." बसला बिचारा, काठावर, उतरायला सोपं जाईल असा.

पाळकांनी नाव घेतलं. एस्तेर उठली नाही. मी उठले. माइकपाशी गेले. बाई पहिल्या बाकावर पाहुण्यांच्या शेजारी होत्या. त्यांनी भुवई उंचावली, त्यांना वाटलं मी मुलीची ओळख करून देणार.

मी म्हटलं, "माझा बाप दारू पीत नव्हता."

एवढं बोलून थांबले. या वेळी खाली बघितलं नाही. बाईंकडे बघितलं.

मग सगळं सांगितलं. फ्रॉक, तेल, कागद, कंसातलं लिहिलेलं. कागद कोणाच्या हातचा ते सांगितलं, तो वर धरला. पेल्याची गोष्ट सांगितली, त्या पंचाचं नाव घेऊन. तो समोरच बसला होता. आणि नऊ मुलींची नावं एकेक करून घ्यायला लागले, म्हटलं की यांना मी खोटं बोलायला शिकवलं, यांच्या आईबापांची अब्रू मी या जागी उभं राहून विकली.

दुसऱ्या मुलीच्या नावाला बाईंनी हात हलवला. पेटीवाल्या मास्तरांनी गाणं काढलं. गायकगट उभा राहिला. मी बोलतच राहिले. मग माइक बंद झाला. मी माइकशिवाय बोलले. गाणं माझ्यावर चढायला लागलं, माझाच आवाज मला ऐकू येईना. तेवढ्यात मागून, दरीवरून, दुसरा आवाज आला. माय उभी होती. पंचाहत्तरीची बाई, काठी टेकून.

"नव्हता पेत!" माय ओरडली. "पान बी खात नव्हता थो! देवाच्या घरात त्याले बेवडा केलं तुमी! बोल व पोरी, काहून थांबली?"

तिच्या शेजारची म्हातारी उठली. मग तिच्या मागची. दरीवरची सगळी माणसं उभी राहिली. पेटी थांबली. मास्तर घाम पुसत होते. उरलेली सात नावं मी शांतपणे घेतली, एकही गाळलं नाही.

बाईंचं तोंड मला बघायचं होतं, ते बघितलं. त्या रडत नव्हत्या, लाजल्याही नव्हत्या. त्या पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी समजावत होत्या, हसत हसत. नंतर कळलं, त्यांनी सांगितलं की ही बाई मनाने आजारी आहे. माझा बदला इथे अर्धाच राहिला. मनात आलं, आपण मूर्ख आहोत, एका भाषणाने ही माणसं पडतील असं वाटलं आपल्याला.

पंधरा दिवसांनी पंचमंडळाने बोलावलं. सहाजण खुर्च्यांवर, बाई मध्ये. आवाज सगळ्यांचे गोड. त्यांनी ठरवलं होतं की मला शिक्षा नको. अकोल्याला दुसरं एक वसतिगृह आहे, तिथे मेट्रनची जागा आहे. नवराही तिथेच. या महिन्यात सामान हलवायचं, माझ्या सभासदत्वाचं मंडळीचं पत्रही तिकडच्या चर्चला जाईल, कुठे काही वाच्यता नको. ज्यांनी माझ्या बापाला पेल्याला हात लावू दिला नव्हता तेच पंच म्हणाले, "बघा, प्रभूने कसा मार्ग उघडला."

उघडला होता खरा. नवऱ्याला हवं ते, पोरीला बाप रोज, मला नोकरी. महिनाभरापूर्वी मी पाया पडून घेतलं असतं.

पण मला पौलाची गोष्ट आठवली. त्याला भरचौकात फटके मारले, तुरुंगात टाकलं. सकाळी अधिकाऱ्यांनी शिपायांकडे निरोप धाडला, यांना सोडा, गुपचूप जाऊ दे. दार उघडं होतं. आणि तो गेला नाही. म्हणाला, मारलं सगळ्यांसमोर आणि काढता चोरून? असं चालणार नाही. त्यांनी स्वतः यावं आणि आम्हाला बाहेर न्यावं. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, गाणी गाण्याचा आणि भूकंपाचा भाग ऐकत आले. हा भाग आमच्या चर्चमध्ये कधी कोणी वाचून दाखवला नाही.

मी पंचांना तीच सांगितली. मग म्हटलं, "बाईंनी पुढच्या रविवारी त्याच माइकवर उभं राहावं. म्हणावं की माझ्या बापाबद्दल लिहिलं ते खोटं होतं, आणि मी लिहिलं. नऊ मुलींच्या आईबापांबद्दलही तेच म्हणावं. मग मी जाईन. अकोल्याला जाईन, नाही तर कुठेही. तुमचं पत्र नको मला."

बाई म्हणाल्या, "क्षमा करायला शिक गं. तेच तर शिकवलं तुला इतकी वर्षं."

"करीन," मी म्हटलं. "आधी मागा."

त्या दिवशी नोकरी गेली. आठ दिवसांत दोन्ही खोल्या रिकाम्या केल्या. सामान अकोल्याला न नेता मायच्या घरी, वस्तीत आणलं. एस्तेरला नगरपालिकेच्या शाळेत घातलं. नवरा महिनाभर माझ्याशी नीट बोलला नाही. म्हणाला, "तुले जिंकाचं हाय, पोरीचं नाही पाहून राहिली तू." असेलही. मी शिवणकाम घेते, वस्तीतल्या मुलींची शिकवणी घेते. भागतं आणि भागतही नाही.

मंडळीतून मला काढता येत नाही, त्याला नियम आहेत. म्हणून दर रविवारी मी जाते. पहिल्या बाकावर बसते, बाईंच्या शेजारी. पहिल्या रविवारी त्या सरकल्या. दुसऱ्या रविवारी उठून दुसरीकडे बसल्या. तिसऱ्या रविवारी मी उठून तिथे गेले. आता त्या सरकत नाहीत. आम्ही एकाच बाकावर बसतो, एकच गीत गातो, त्यांचा आवाज थरथरतो आणि माझा थरथरत नाही. मला त्यात आनंद होतो. हे पाप असेल तर असू द्या, देवाशी मी बघून घेईन.

आणि आठवड्यातून एक दिवस मी बस धरते. त्या नऊजणी शोधत फिरते. एक अमरावतीला दवाखान्यात नर्स आहे. एक पातूरला अंगणवाडीत. पाया पडते त्यांच्या, माफी मागते. पाहुण्यांपुढे नाही, त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर, सासूसमोर, शेजाऱ्यांसमोर, त्या म्हणतील तिथे. अमरावतीची रडली. पातूरची म्हणाली, "मॅडम, माही माय मरेपर्यंत मायाशी बोलली नाही, ठावं हाय काय तुमाले?" मला ठाऊक नव्हतं. रिद्धपूरकडची, जिने मला तेव्हाच सांगितलं होतं की माही माय अशी नाही, तिने दार लावून घेतलं. मी तासभर उन्हात उभी राहिले. तिने उघडलं नाही. मी पुन्हा गेले. पुन्हा नाही. तिचं बरोबर आहे, बाईंनी माझ्याशी जे केलं ते मी तिच्याशी केलं. तिने बाईंच्या आधी माझा सूड घ्यावा.

सहा भेटल्या. चौघी हो म्हणाल्यात. पुढच्या कापणीच्या सणाला त्या येणार आहेत, आपापले आईबाप घेऊन, जे हयात आहेत ते. बाकावर बसणार आहेत. पाळक नाव घेवोत न घेवोत, आम्ही एकीमागून एक उठणार आहोत. माइक बंद करतील, करू द्या. पेटी वाजवतील, वाजवू द्या. पाहुण्यांना आम्ही सगळ्याच वेड्या असल्याचं सांगतील. एक वेडी खपली, पाच कशा खपवतात ते बघायचं आहे मला.

बाई थकल्या आहेत. लोक मला म्हणतात, म्हातारी झाली, आता सोड. नाही सोडणार. त्या बोलल्या तर त्याच दिवशी मी मधल्या दाराने, दिवसाढवळ्या, सगळ्यांदेखत निघून जाईन आणि मागे वळून बघणार नाही. न बोलता मेल्या, तर त्यांच्या कबरेपाशी पाळकांचं बोलणं संपल्यावर मी पुढे होईन आणि त्यांनी काय लिहिलं होतं ते त्यांच्या पोरांसमोर, नातवंडांसमोर वाचून दाखवीन. कागद माझ्याकडे आहे. तोवर मी या गावातून हलत नाही.